ब्रेक पाइप, गंजलेले (जुन्या वाहनांतील)

मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब चाकांपर्यंत नेणारे पोलादी पाइप. सालेकसा (जि. गोंदिया) हा भातशेतीचा, जंगलाचा आणि भरपूर पावसाचा तालुका, बांधीतला चिखल चासीला चिकटून बरेच दिवस ओला राहतो. गंज धरतो तो बहुधा पाइप आवळणाऱ्या क्लिपांखाली, नजरेआड. म्हणून क्लिपा सोडवून, चिखल धुऊन पाइप तारेच्या ब्रशने हलके घासावा. वरवरचा तांबूस थर चालेल. पापुद्रे, खड्डे किंवा तेलकट ओल दिसली की पाइप बाद. पेडल खाली बसू लागणे हे फार उशिराचे लक्षण.

गळक्या जागी डाग देणे हा जुगाड जिवावर बेतणारा. पाइप सांध्यापासून सांध्यापर्यंत बदलावा. बहुतेक मोटारींत तो बाहेरून 4.75 मिमी. असतो आणि त्याचे तोंड दुहेरी दुमडीचे लागते. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी सहज वाकते, पण कंपनाने चिरते. तांबे-निकेलची नळी टिकाऊ. शेवटी नवे ऑइल भरून हवा काढावी. जुन्या जीपगाड्यांत सुरुवात साधारणपणे सर्वांत लांबच्या चाकापासून करतात. खासगी मोटारीला 15 वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी परिवहन खात्याची तपासणी द्यावी लागते, तीत ब्रेकही पाहिले जातात.