पावसाळ्यासाठी कारचे टायर आणि रिम : कमी बजेटमध्ये काय बघायचं, काय टाळायचं

माझा मावसभाऊ मॉन्ट्रियलला राहतो. दर नोव्हेंबरमध्ये तो कारचे चारही टायर बदलून हिवाळी टायर लावतो. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्याने बंधनकारक आहेत. तो मला म्हणायचा, "तुमचं बरंय, एकच टायर बारा महिने." मलाही तसंच वाटायचं.

मग गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आई-बाबांना घेऊन काळाचौकीहून निघालो आणि शिवडीतून अटल सेतूवर चढलो. बाबांची २०१४ ची स्विफ्ट, वेग ९० च्या आसपास, वर धो धो पाऊस. रस्त्यावर पाण्याचा थर साचला होता. त्यावर गाडी गेली आणि अचानक स्टिअरिंग हलकं झालं, हातात काही नसल्यासारखं. एक-दोन सेकंदांत गाडी शेजारच्या लेनमध्ये सरकली. नशिबाने तिथे कोणी नव्हतं. चिर्ले येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अरे, टायर तर नवेच दिसतायत. गाडी चाललीये कुठे?" खरंच, गाडी बहुतेक वेळ बिल्डिंगखालीच उभी असते. पण तपासलं तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. टायर २०१४ चे, म्हणजे गाडीसोबत आलेलेच होते. खाचा जेमतेम ३ मिमी उरल्या होत्या. हवा फक्त २४ पीएसआय होती. त्यानंतर मी जे शिकलो ते या लेखात एकत्र लिहितोय.

हिवाळी टायर मुंबईत चालतील का?

थोडक्यात, नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहावं म्हणून वेगळं बनवलेलं असतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचं रबर कडक होऊ लागतं आणि तिथून हिवाळी टायरचा फायदा दिसतो. सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वात कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही जानेवारी १९६२ मधलं. म्हणजे विक्रमी थंडीतही आपण ती रेषा ओलांडली नाही. आपल्या उन्हात तो मऊ टायर भराभर झिजेल. आपला 'हिवाळा' म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि आपला प्रश्न बर्फाचा नसून पाण्याचा आहे.

गाडी पाण्यावर तरंगते म्हणजे काय?

टायरवरच्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला ढकलतात. वेग जास्त असेल, खाचा झिजल्या असतील किंवा हवा कमी असेल, तर पाणी वेळेत बाहेर पडत नाही. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर घुसतो. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. अशा वेळी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जवळपास निकामी होतात. तसं झालं तर ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला.

१९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं. हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ घ्या आणि त्याला १६.७ ने गुणा. साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर साधारण किती किमी वेगाला तरंगेल ते कळतं. फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा :

- ३२ पीएसआय : सुमारे ९४ किमी
- २४ पीएसआय : सुमारे ८२ किमी

माझा वेग ९० होता. हा आकडा म्हणजे सुरक्षिततेची हमी नाही, विमानाचा टायर आणि कारचा टायर सारखा नसतो. पण हवा कमी असेल तर धोका कमी वेगालाच सुरू होतो, हे यातून कळतं. आणि हवा भरायला खर्च जवळपास शून्य!

खरेदीआधी फोनने करा ही तपासणी

१. वय. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आकडे चारही टायरच्या बाहेरच्या बाजूला दिसतीलच असं नाही. नाही दिसले तर फोन आत घालून टॉर्च लावून फोटो काढा. टायर वापरला नाही तरी रबर हळूहळू कडक होतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तज्ज्ञाला दाखवा. दहा वर्षं झाली की खाचा कितीही खोल असोत, बदला.

२. खाचा. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिमी असते. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांना टीडब्ल्यूआय म्हणतात. झिजून टायर त्या पातळीला आला म्हणजे १.६ मिमी उरले, आणि तीच कारसाठी कायद्याची मर्यादा आहे. पण मुंबईच्या पावसात तोवर थांबू नका, ३ मिमीला बदललेले बरे.

३. भेगा आणि फुगे. बाजूच्या रबरावर बारीक भेगा असतील किंवा खड्ड्यात आपटून फुगा आला असेल, तर टायर लगेच बदला. फुग्याला पंक्चरसारखी दुरुस्ती नसते.

टायरवरचा नंबर वाचायचा कसा?

आमच्या गाडीवर १६५/८० आर १४ ८५टी असं होतं. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८५ म्हणजे एका टायरची भार पेलायची क्षमता ५१५ किलो, आणि टी म्हणजे कमाल वेग ताशी १९० किमी. नवा टायर घेताना भार आणि वेगाचा कोड मूळ टायरपेक्षा कमी नको. साइज आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. शिवाय टायरवर आयएसआय मार्क हवाच.

अलॉय घेऊ का?

खरं सांगतो, मलाही अलॉय हवे होते. दुकानात फोटो बघून मन गेलंच. मग बाहेरच्या व्यासाचा आणि बाजूच्या उंचीचा हिशोब केला :

- १६५/८० आर १४ : व्यास सुमारे ६२० मिमी, बाजू १३२ मिमी
- १८५/६५ आर १५ : व्यास सुमारे ६२१ मिमी, बाजू १२० मिमी
- १९५/५५ आर १६ : व्यास सुमारे ६२१ मिमी, बाजू १०७ मिमी

व्यास तिन्हींचा सारखाच, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. पण रिम मोठी होत गेली की रबराची बाजू कमी होते, आणि खड्ड्याचा दणका झेलते ती हीच बाजू. ती कमी झाली की रिम वाकते किंवा टायर फुटतो. आपल्याकडचे जुलैमधले रस्ते आठवा आणि ठरवा. तरीही रिम बदलायची असेल तर नटांच्या भोकांची मांडणी (स्विफ्टची ४×१००), ऑफसेट आणि मधल्या भोकाचा व्यास जुळलाच पाहिजे.

माझ्या चौकशीत अलॉय आणि १५ इंची टायर मिळून ४६ हजार सांगितले. मूळ साइजचे चार नवे टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून १८ हजारांत झालं. स्टीलच्या रिम तशाच ठेवल्या. एक जरा वाकली होती, ती सरळ करून घेतली.

पैसे वाचवायचे ते इथे

- एका दुकानात मला 'स्टॉक क्लिअरन्स'मध्ये चांगला भाव मिळत होता. तारीख बघितली तर टायर चार वर्षांचे! बिल करण्याआधी चारही टायरच्या तारखेचा फोटो काढा.
- सेकंड हँड टायर घेऊ नका. काही ठिकाणी झिजलेल्या खाचा पुन्हा कोरून विकतात. वरून खाच खोल दिसते, आत रबर उरलेलं नसतं.
- बजेट दोनच टायरचं असेल तर नवे दोन मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुतेक वेळा सावरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते.
- २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या व्हिडिओतले भाव धरून घासाघीस करू नका.
- स्टार लेबल मुख्यतः इंधनबचतीचं असतं. जास्त स्टार म्हणजे पावसात जास्त पकड, असं समजू नका.
- नायट्रोजनसाठी जादा पैसे नकोत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना हवा तपासा. स्टेपनीचीही!

परदेशात शिकायला जाताय?

तिथे पहिली जुनी कार घ्याल तेव्हा टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह शोधा. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम+एस' लिहिलेला टायर हिवाळी म्हणून धरत नाहीत, हे चिन्ह लागतंच. हिवाळी टायर दोन नको, चारही घ्या. मावसभावाने ते साध्या स्टीलच्या रिमवर कायमचे चढवून ठेवलेत. त्यामुळे दर मोसमात टायर रिमवरून उतरवून पुन्हा चढवायची मजुरी वाचते आणि रस्त्यावरच्या मिठापासून अलॉयही वाचतात.

शेवटचं

यंदा पुन्हा त्याच पुलावरून त्याच पावसात गेलो. टायर नवे, हवा बरोबर, आणि वेग ६०. तिसरी गोष्ट फुकट होती. आई पूर्ण वेळ बोलत होती.

तुमची किंवा बाबांची गाडी खाली उभी असेल, तर आज रात्रीच फोनची टॉर्च घेऊन जा आणि ते चार आकडे वाचा. दहा मिनिटं लागतील. आणि ज्यांच्या घरी 'टायर तर नवेच दिसतायत' असं म्हणणारं कोणी आहे, त्यांना हा लेख नक्की पाठवा.