एक प्रश्न, अनेक विद्या

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील संशोधनाचा इतिहास पाहता त्यातील विषयवैविध्य प्रथम नजरेत भरते. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तथापि ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी., तर प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधास १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी. मिळाली. लंडनमध्ये असताना ग्रेज इन येथे त्यांचा कायद्याचा अभ्यासही चालू होता. यास विषयांतर म्हणता येणार नाही. समाजाचा प्रश्न एका शास्त्राच्या चौकटीत मावत नाही, हाच बोध आम्ही त्यातून घेतो.

या बोधाची प्रचीती धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर येथे येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात हे गाव उद्ध्वस्त झाले. तत्कालीन नकाशात हा प्रदेश भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पहिल्या विभागात होता. मग येथे भूकंप का झाला, हा भूशास्त्राचा प्रश्न होय. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे जीवघेणे का ठरले, हे स्थापत्यशास्त्र सांगेल.

परंतु पुनर्वसनाचे काय? पूर्णतः पुनर्वसित गावांत भूमिहीनांस व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४०० चौरस फुटांचे आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५० चौरस फुटांचे घर, असे सूत्र ठरले. धरणीने सातबारा पाहून घरे पाडली नव्हती. ती पुन्हा बांधताना मात्र जमीन हेच माप झाले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली गेली, त्यांना तो नकार नव्या घराच्या भिंतींतही भेटला. हे समजण्यास अर्थशास्त्र, इतिहास, कायदा आणि समाजशास्त्र यांची एकत्र गरज आहे.

या भूकंपानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. त्या नावासाठी आपल्या समाजाने फार मोठे मोल दिले आहे. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच : विषय कोणताही निवडा, परंतु आपल्या विषयाची सीमा संपते तेथे प्रश्न सोडू नका, शेजारच्या विद्येचे दार ठोठवा.