हृदयातले छिद्र आणि इब्न अल-नफीस

मराठीच्या तासाला ‘डोहाळे’ हा शब्द आला की मी मुलांना त्याचे मूळ सांगतो. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भवतीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे. ‘डोहाळे’ त्याच कुळातला शब्द मानतात. पण दुसऱ्या हृदयात दोष निघाला की आपल्याकडे खापर पहिल्या हृदयावर फुटते. ग्रहणात भाजी चिरली असेल, कुणाची नजर लागली असेल. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत हे मी हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांत ऐकले आहे. म्हणून हा थोडा इतिहास.

दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याचे म्हणणे असे, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्याच्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डावीकडे झिरपते. हजारेक वर्षे हेच शिकवले गेले. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’चा पायाही गॅलेनचाच.

इब्न अल-नफीस 1213 साली दमास्कसजवळ जन्मला आणि कैरोत हकीम झाला. तो शाफई फिक्हही शिकवत असे. ‘कानून’मधल्या शरीररचनेवर त्याने 1242 च्या सुमारास भाष्य लिहिले. त्यात त्याने स्पष्ट सांगितले, की हा पडदा जाड आहे, त्यात कसलीही छिद्रे नाहीत. रक्त फुफ्फुसांत जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. उस्तादांचा आदर राखला, पण चुकीला चूक म्हटले. पुढे 1628 मध्ये विल्यम हार्वेने संपूर्ण रक्ताभिसरण मांडले. इब्न अल-नफीसचे पान मात्र विस्मृतीत गेले. ते 1924 मध्ये मुहियुद्दीन अत-ततावी या इजिप्तच्या डॉक्टरांना बर्लिनच्या हस्तलिखितात सापडले.

गंमत अशी, की गर्भात खरोखरच वाट असते. सुरुवातीला हृदय म्हणजे एक साधी नळी. 22व्या दिवसाच्या आसपास ती धडधडू लागते. मग ती वाकते, आत पडदे वाढतात. खालच्या दोन कप्प्यांमधली फट सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत बुजते. वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी जन्मापर्यंत उघडीच राहते, कारण गर्भाची फुफ्फुसे अजून श्वास घेत नसतात. पहिल्या श्वासानंतर डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि खिडकीचे झाकण बसते.

यातले काही बुजायचे राहिले, की आपण म्हणतो, ‘दिल में सुराख है’. म्हणजे अर्धवट राहिलेले बांधकाम. ते सुरू होते तेव्हा अनेकदा आईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. काही वेळा कारण जनुकांत असते, काही वेळा आईच्या रुबेलात किंवा आटोक्यात नसलेल्या मधुमेहात. पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही. ग्रहण आणि नजर या यादीत कुठेच नाहीत.

लहान छिद्रे बरेचदा आपोआप बुजतात, मोठ्यांवर इलाज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची मोफत तपासणी होते; जन्मजात हृदयदोषही त्यात पाहतात. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. दूध पिताना बाळ दमत असेल, वजन वाढत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर तावीज शोधत दिवस घालवू नका. दुआ जरूर करा, पण त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि त्या आईला दोष देणे थांबवा.