पात्यांची माती होत नाही

नाहूरच्या आमच्या घरात वाऱ्याची दिशा नाकाला कळायची. खाडीकडून वारा सुटला की अम्मी खिडक्या लावून घ्यायची, कारण त्या बाजूला मुलुंडचे डम्पिंग ग्राउंड होते. 1967 मध्ये सुरू झालेले हे डम्पिंग 2018 मध्ये बंद झाले, तेव्हा तिथे सुमारे 70 लाख टन कचरा साचला होता. त्यामुळे पवनचक्क्यांचा इतिहास वाचताना मला पहिला प्रश्न पडला तो असा: मोडल्यावर त्यांचे काय होत असेल?

पवनचक्कीच्या सर्वांत जुन्या खात्रीशीर नोंदींपैकी काही सिस्तानच्या आहेत. आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरचा हा प्रदेश. तिथे वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्यांविषयी अल-मसूदी आणि अल-इस्तख्री यांनी दहाव्या शतकात लिहून ठेवले. खुरासानातल्या नश्तिफान गावी तशा चक्क्या अजून उभ्या आहेत. भिंती मातीच्या, पाती लाकडाची. पाते मोडले तर चुलीत जाते, नाहीतर मातीत मिसळते. त्या चक्कीने मागे कचरा ठेवलाच नाही.

महाराष्ट्रात 1986 मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर 55 किलोवॅटच्या प्रायोगिक पवनचक्क्या आल्या. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवर त्यांची रांगच लागली. पवनचक्कीचे आयुष्य 20 ते 25 वर्षे धरतात. म्हणजे त्यातल्या पहिल्यांची वेळ भरत आली आहे. जुन्या पवनचक्क्यांच्या जागी मोठ्या बसवण्याचे धोरण केंद्र सरकारने 2016 मध्ये आणले आणि 2023 मध्ये ते सुधारले.

खांबाचे पोलाद आणि जनित्रातले तांबे भंगारवाला पैसे मोजून नेतो. पाती मात्र काचेच्या धाग्यांची आणि रेझिनची असतात. हे रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. कापताना काचेची बारीक धूळ उडते, उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो, पुरले तर ते कुजत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्पर गावी शेकडो पाती ओळीने पुरली, त्याची छायाचित्रे 2020 मध्ये जगभर गेली.

उपाय नाहीत असे नाही. पात्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत वापरता येतात. आयर्लंडमध्ये जुन्या पात्यांचा पादचारी पूल झाला आहे. विरघळवून वेगळे करता येईल अशा रेझिनची पातीही आता बनतात. पण या सगळ्याला खर्च येतो, आणि खड्डा नेहमीच स्वस्त वाटतो.

मुलुंडचा खड्डाही स्वस्तच वाटला होता. त्याची किंमत आसपासच्या वस्त्यांनी पन्नास वर्षे श्वासातून चुकवली. पवनऊर्जा हवीच, कोळशाचा धूर कुणाला हवा आहे? पण पठारावर नवी पवनचक्की उभारताना जुनीची पाती कुठे जाणार, हे करारातच लिहिलेले असावे. नाहीतर उद्या साताऱ्याकडच्या एखाद्या घरात कुणाची तरी अम्मी अशीच खिडक्या लावत बसेल.