संग्रहालयातील व्याख्याने

इंदूर नगरीत श्रोत्यांची वाण कधी पडली नाही. मराठी साहित्य संमेलन येथे १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीस पालखी निघते, व्याख्याने होतात, गुणवर्णनास भरती येते. ही तिथी आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य चतुर्दशी, तर माळव्याच्या पंचांगाप्रमाणे भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. एकाच दिवसाने एका गावात दोन महिन्यांची नावे मिरवावीत, हे या नगरीच्या दुभाषी संसारास साजेसेच आहे! परंतु ज्या काळाचे गोडवे गायिले जातात, त्या काळाच्या वस्तू सभेपासून दूर, काचेआड मुक्याने बसून असतात, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

मुळात हेतू असा नव्हता. १९२३ साली 'नररत्न मंदिर' नावाची जी संस्था येथे निघाली, ती शिक्षण व संस्कृती यांच्या प्रसारार्थ. तिच्यातूनच १९२९ साली संग्रहालय उदयास आले. म्हणजे आधी मंडळी जमली, वस्तू मागाहून आल्या. आज केंद्रीय संग्रहालयात हिंगलाजगडची परमारकालीन शिल्पे आहेत, नाणी आहेत. व्याख्यात्याने तेथे, त्या वस्तूंपुढे उभे राहून बोलावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

महेश्वरच्या टांकसाळीचा अहिल्याबाईंच्या वेळचा रुपया घ्यावा. त्यावर फारसीत शाहआलम बादशहाचे नाव, आणि त्याच रुपयावर शिवलिंग व बेलाचे पान. मल्हारनगर, म्हणजे इंदूर, येथील रुपयावर सूर्य. दिल्लीची सत्ता नाममात्र उरली होती, तरी बाजारात रुपया चालावा म्हणून बादशहाचे नाव सुटले नव्हते. इकडे आज्ञापत्रे मात्र 'श्री शंकर आज्ञेवरून' निघत. व्यवहार आणि श्रद्धा यांचा हा मेळ पुण्यश्लोकत्वाच्या दहा भाषणांतून कळत नाही, तो तळहाताएवढ्याही नसलेल्या या चांदीच्या तुकड्यावरून कळतो.

कागदांची गोष्ट अधिक निकडीची आहे. पारसनीसांनी 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' छापली, वा. वा. ठाकूर यांनी होळकरशाहीची साधने प्रसिद्ध केली. अभ्यासकांची त्यामुळे सोय झाली. पण मोडी वाचणारी पिढी सरत चालली आहे. इंदूरच्या मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी वाचतात. आजोबांच्या रुमालातील कागद त्यांना निव्वळ वेलबुट्टी वाटते, आणि घर बदलताना वेलबुट्टी रद्दीत जावयास वेळ लागत नाही.

म्हणून सभा मासिक असावी, श्रोते वीस असले तरी पुरेत. एका वेळी एकच वस्तू मांडावी. फारसी जाणणाऱ्याने नाण्याची एक बाजू वाचावी, मोडी जाणणाऱ्याने त्याच काळचे एखादे पत्र. हिंदीत आणि मराठीत दोन्ही सांगावे. घरचे कागद आणणाऱ्यास तेथेच चार ओळी वाचून दाखवाव्यात, तारीख लावून द्यावी, आणि कागद त्याचे त्याला परत करावेत.