इजिप्तचे दोन आकडे

देशात हेपॅटायटिस सी किती जणांना आहे? रक्त तपासा, मोजा, भागाकार करा, झालं! मलाही आधी असंच वाटायचं.

इजिप्तमध्ये १९५० ते ८०च्या दशकांत सरकारने बिलहार्झियावर, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतांच्या रोगावर, टार्टर एमेटिकची इंजेक्शनं दिली. काचेच्या त्याच सिरिंज, नीट न उकळता, पुन्हा पुन्हा. एक रोग बरा करताना दुसरा पसरला. कोणाला पत्ता लागणार? हा विषाणू ओळखला गेलाच मुळी १९८९ मध्ये.

२००८ मध्ये देशभरातली घरं निवडून १५ ते ५९ वयाच्या लोकांचं रक्त तपासलं. १४.७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. पण अँटिबॉडी म्हणजे जुना लॉग हो. विषाणू कधीतरी आला होता एवढंच कळतं. काहींचं शरीर त्याला आपणहून हाकलतं. प्रत्यक्ष विषाणू सापडला ९.८ टक्के लोकांत. औषध किती जणांना लागणार, ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरतं.

मी मात्र अडकलो वयाच्या तक्त्यात. वय वाढेल तसा आकडा चढत जातो. ती जुनी इंजेक्शनं तिथे दिसतात, सरासरीत नाही.

पुढे २०१८-१९ मध्ये त्यांनी नमुना वगैरे बाजूला ठेवला आणि जवळपास ५ कोटी प्रौढांना सरळ तपासूनच टाकलं.