मौनातली घरघर

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार पोलिसांच्या गोळीबारात गेले. आमच्याकडच्या प्रत्येक पोराला ही तारीख पाठ असते. दरवर्षी त्या दिवशी कार्यक्रम होतात, भाषणं होतात आणि शेवटी दोन मिनिटं मौन.

मी सहावीत होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. एका पटांगणावरच्या कार्यक्रमाला नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, साउंड होता. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, एक माईक. भाषणं चालू होती तोवर सगळं ठीक होतं. मग सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि त्या शांततेत आमचे दोन्ही भोंगे बोलायला लागले. घूंऽऽऽ. भाषणाखाली दबलेली घरघर मौनात उघडी पडली होती. नाना अॅम्प्लिफायरपाशी होते, पण बटण बंद केलं तर ‘टक्’ होईल म्हणून हलले नाहीत. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं.

साउंडवाले या घरघरीला ‘हमिंग’ म्हणतात. ती आपल्या विजेचीच असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तेच हेलकावे माईकच्या वायरमध्ये शिरून भोंग्यातून बाहेर पडतात. स्टेजपासून टेबलापर्यंतची आमची वायर चाळीसेक मीटर. आत एकच तार, वरून जाळी, आणि शेजारून मंडपाच्या लायटिंगची केबल गेलेली. हमिंग न आलं तरच नवल.

त्यावर त्या काळच्या साउंडवाल्यांकडे एक रामबाण उपाय होता. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, उपटून टाकायची. हमिंग बऱ्याचदा खरंच जायचं. त्या मौनानंतर नानांनी आमच्या सगळ्या प्लगांच्या पिना काढल्या.

पुढच्या पावसाळ्यात आषाढी एकादशीला शहादा तालुक्यातल्या एका गावी भजन होतं. बुवा अनवाणी, जमीन ओली. अॅम्प्लिफायरच्या आत कुठेतरी वीज लीक होत होती. अर्थिंग असतं तर ती जमिनीत गेली असती. ती माईकच्या जाळीत आली आणि बुवांचे ओठ माईकला लागले तशी त्यांच्यातून गेली. बुवा मागे फेकले गेले. वाचले. रात्री घरी आल्यावर नाना जेवले नाहीत.

दोन दिवसांनी त्यांनी गल्लीतल्या लाइनमन काकांना बोलावलं. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी वायर हातात घेतली, टोक सोललं आणि म्हणाले, ‘‘नाना, यात तार एकच आहे. आमच्या खात्यानं ही चूक शंभर वर्षांपूर्वी सोडली.’’

मग त्यांनी रेल्वेलाइनजवळच्या खांबांची गोष्ट सांगितली. टेलिफोनच्या उघड्या तारा जोडीनं जायच्या आणि ठरावीक खांबांनंतर जोडीतल्या दोन तारा आपसांत जागा बदलायच्या. भुसावळ–सुरत गाडीच्या खिडकीतून मी ते कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं लाइनमनची गंमत आहे.

‘चूक’ हा शब्द मला तेव्हा कळला नाही, तो पुढे वाचताना उलगडला. १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं, त्या काळातले टेलिफोन तारायंत्राच्या चालीनं चालत. खांबावर एक तार, परतीचा रस्ता म्हणजे जमीन. तांबं, लोखंड वाचायचं. टकटक करणाऱ्या तारायंत्राला हे चालून जायचं, माणसाच्या आवाजाला नाही. तारायंत्राच्या टकटकी, शेजारच्या लाइनवरचं बोलणं, सगळं कानात यायचं. १८८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या. त्यांची वीज रुळांतून परतायची आणि वाटेत जमिनीत झिरपायची. टेलिफोनच्या परतीच्या रस्त्यात आता ट्राम घुसली होती! कंपन्यांना नाइलाजानं दुसरी तार टाकावी लागली. (मुंबईत विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला.)

तोडगा तयारच होता. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ मध्येच एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांचं पेटंट घेतलं होतं. आज आपण जिला बॅलन्स्ड केबल म्हणतो, तिचं मूळ हे.

तिचं काम समजायला नंदुरबारच्या मिरची बाजारातला जुना तराजू आठवा. दोन्ही पारड्यांवर सारखी धूळ बसली तर काटा हलत नाही. केबलमध्ये दोन सारख्या तारा असतात आणि आपला आवाज असतो त्या दोघींमधल्या फरकात. बाहेरची घरघर दोघींवर सारखीच चढते. पलीकडचं यंत्र फक्त फरक मोजतं, म्हणून घरघर वजा होते. तारांना पीळ देतात किंवा खांबावर त्यांच्या जागा बदलतात, ते एवढ्यासाठीच: दोघींच्या वाट्याला धूळ सारखी यावी. एका तारेत आवाज सरळ आणि दुसरीत उलटा असलाच पाहिजे, असं अनेक युट्यूबवाले सांगतात. तसं असतं बऱ्याचदा, पण ते अत्यावश्यक नाही. दोन्ही तारांचा विजेला होणारा अडथळा सारखा हवा, ही खरी अट.

टेलिफोनकडून ही रीत रेडिओकडे आली. नाट्यगृहातला किंवा मैदानावरचा कार्यक्रम स्टुडिओत आणायचा तर टेलिफोनच्याच लाइनी वापराव्या लागत. मग माईकही तसेच झाले. तीन पिनांचा जो गोल प्लग आज सगळीकडे दिसतो, तो लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीचा. एक्स ही मालिका, एल म्हणजे खटका, आर म्हणजे रबर. एक्सएलआर. पहिली पिन जाळीची, दुसरी-तिसरी दोन तारांच्या.

घरातल्या यंत्रांनी मात्र स्वस्तातली एक तार आणि एक जाळी धरली, ती आरसीएची लाल-पांढरी पिन. मीटरभर अंतराला ती पुरते. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या महागड्या घरगुती अॅम्प्लिफायरांवर एक्सएलआर दिसू लागला आणि हळूहळू तो श्रीमंतीची खूण झाला.

त्याच खुणेला मी भुललो. नोकरी लागल्यावर सुरतेहून हाय-फाय आणला. हमिंग आलं. दुकानदार म्हणाला, बॅलन्स्ड केबल लावा. दुकानात त्यानं दोन्ही ऐकवल्या आणि बॅलन्स्ड खरंच भरदार वाटली. वाटणारच! साध्या सॉकेटमधून बऱ्याचदा २ व्होल्ट येतात, एक्सएलआरमधून ४. आवाज मोठा झाला की कान त्याला ‘चांगला’ म्हणतो. दोन मीटरला साडेसहा हजार मोजले. घरी हमिंग तसंच.

कारण केबलमध्ये नव्हतंच. नील मन्सी नावाच्या ध्वनी-अभियंत्यानं १९९५ मध्ये या दुखण्यावर लिहिलं. त्याला ‘पिन वनचा घोळ’ म्हणतात. पहिल्या पिनेवरची जाळी यंत्राच्या पत्र्याला जोडायची असते. काही यंत्रांत ती आतल्या सर्किटला जोडलेली असते. मग जाळीनं बाहेर अडवलेला कचरा थेट घरात. माझ्या अॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं तर तेच. आमच्याकडे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादानं जाड वायरचा तुकडा घेऊन पहिली पिन पत्र्याला जोडली. वीस रुपये घेतले. हमिंग गेलं. नंतर मी मुद्दाम साडेसहा हजारांची केबल काढून साधी माईक केबल लावली, कनेक्टरसकट चारशेची. मला फरक कळला नाही. नानांना विचारलं, ते म्हणाले, ‘‘कोणती कोणती?’’

म्हणून घरच्या सिस्टिमसाठी कोणी मला महागड्या केबलबद्दल विचारलं तर मी आधी अर्थिंग तपासायला सांगतो. मांडवात गोष्ट वेगळी. तिथे चाळीस मीटर वायर असते, शेजारी लायटिंग असतं, ओली जमीन असते. लाइनमन काकांनी त्या आठवड्यात नानांच्या सगळ्या माईक वायरी दोन तारांच्या करून दिल्या आणि अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, टेलिफोनमध्ये असतो तसा. प्लगांना पुन्हा अर्थिंगच्या पिना बसल्या. पुढच्या ९ सप्टेंबरला मौनात फक्त झाडावरचे कावळे ऐकू आले. नाना तरी अॅम्प्लिफायरवर हात ठेवूनच उभे होते.

धंदा त्यांनी कधीच बंद केला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत एक बिस्किटाचा डबा सापडला. आत उपटलेल्या पितळी पिना होत्या, अकरा. आईनं त्या भंगारात काढल्या होत्या. नानांनी डबा परत मागून घेतला आणि कपाटात ठेवला.